बोटांनी मोजलेला समुद्र

वाचकहो, सूरह अल-अनआममध्ये ताऱ्यांविषयी एक उल्लेख येतो: जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या अंधारात माणसाला वाट सापडावी यासाठी ते नेमले गेले आहेत. हा उल्लेख आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ताऱ्याकडे पाहून समुद्रात वाट नेमकी सापडते कशी, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मिंबरवर उभे राहून हा उल्लेख कितीतरी वेळा समजावून सांगणाऱ्या मलाही ते सांगता येत नव्हते. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती माझ्याच एका चुकीमुळे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

एका जुम्याच्या बयानात मी मोठ्या आवेशाने म्हणालो की, वास्को द गामाला हिंदुस्थानचा मार्ग दाखवणारा खलाशी आपलाच होता आणि अहमद इब्न माजिद हे त्याचे नाव. श्रोत्यांचे चेहरे उजळले. माझाही उजळला असावा. नमाजनंतर एक वृद्ध गृहस्थ माझ्यापाशी येऊन बसले. त्यांनी उमेदीची सारी वर्षे मालवाहू जहाजांवर काढली आहेत. ते हळू आवाजात म्हणाले, "मौलाना, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे तुम्ही कुठे वाचलेत? आणि त्या काळी ते लोक मोजत कशाने होते? आमच्या जहाजावर तर सगळी यंत्रे होती, तरी कप्तानाला घाम फुटायचा."

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढचे काही महिने मी त्यांची उत्तरे शोधण्यात घालवले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो. दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण तो समजल्याशिवाय पहिल्याचे वजन कळत नाही.

खुल्या समुद्रात माणसासमोर तीन अडचणी असतात. जहाज तगले पाहिजे, ते हव्या त्या दिशेने गेले पाहिजे, आणि आपण कुठे आहोत हे कळले पाहिजे. हिंदी महासागरातील लोकांनी पहिलीचे उत्तर सुईदोऱ्याने दिले, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे. फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या नारळाच्या काथ्याने एकमेकींना शिवलेल्या असत. खिळा जवळजवळ नसेच. इब्न जुबैर ११८३ मध्ये तांबड्या समुद्रावरील ऐझाब बंदरात आला, तेव्हा त्याने अशी जहाजे पाहिली आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे मार्को पोलोला होर्मुझ येथे अशीच जहाजे दिसली. ती त्याला अगदीच तकलादू वाटली. त्याचे मत आपण सोडून देऊ. शिवलेले जहाज लाटेखाली किंचित वाकते, वाळूत रुतले तरी चटकन फुटत नाही, आणि दोर सैल झाला तर तो कोणत्याही किनाऱ्यावर बदलता येतो. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये नवव्या शतकातील असेच एक शिवलेले जहाज सापडले. त्यात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती. मार्को पोलोला उत्तर द्यायला तेवढे पुरे आहे. या जहाजांचा साग हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून जाई, काथ्या मालदीव आणि लक्षद्वीप बेटांतून येई. म्हणजे अरब जहाज म्हणून जे ओळखले जाते, त्याचे हाड आणि शीर दोन्ही पुष्कळदा आपल्या बाजूचे असे.

दुसरी अडचण दिशेची. येथे वाऱ्याचा विचार आधी करावा लागतो. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण ज्यांना मोसमी वारे म्हणतो, त्यातील मोसम हा शब्द अरबी 'मौसिम'. त्याचा मूळ अर्थ ठरलेली वेळ, हंगाम. खलाशी, सुकाणू, नाखवा हे शब्दही त्याच बंदरांतून आपल्या भाषेत उतरले. नाखवा आणि नाखुदा ही तर कोकण किनाऱ्यावर आजही आडनावे आहेत. शब्द मालाबरोबर येतात, आणि माल उतरवून जहाज परत गेले तरी ते मागे राहतात.

वाऱ्याची ही ठरलेली वेळ किती कठोर होती, हे वास्को द गामाच्याच प्रवासावरून दिसते. १४९८ च्या २४ एप्रिलला तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मलिंदीहून निघाला. सोबत जाणता वाटाड्या होता, वारा पाठीशी होता. २० मे रोजी त्याने कालिकतजवळ नांगर टाकला. सव्वीस दिवस. परतीला मात्र त्याने जाणत्यांच्या वेळापत्रकाची वाट पाहिली नाही. गोव्याच्या दक्षिणेस, कारवारसमोर असलेल्या अंजदीव बेटावरून तो ५ ऑक्टोबरला निघाला. ईशान्येचा वारा अजून धरला नव्हता. आफ्रिकेचा किनारा त्याला दिसला तो २ जानेवारी १४९९ रोजी. तोच समुद्र, तीच जहाजे, आणि जवळजवळ तीन महिने. ताज्या अन्नावाचून हिरड्या सुजून तीस माणसे त्या वाटेवर मेली. पुढे उरलेल्या माणसांत तीन जहाजे हाकणे शक्य नाही म्हणून एक जहाज जाळावे लागले.

अरब खलाशी पावसाळ्यातील या काळाला समुद्र बंद होणे म्हणत. कोकणातील कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात लोटत नाहीत. दोन्हींमागचे शहाणपण एकच. येथे एक बारीकशी परंतु फार बोलकी गोष्ट आहे. हिजरी वर्ष चंद्राचे. ते दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते. म्हणूनच रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. पण वारा चंद्राला बांधलेला नाही. त्यामुळे हेच खलाशी रोजे आणि ईद चंद्रावरून पाळत, आणि जहाज सोडण्याचा दिवस मात्र सूर्यवर्षातल्या नवरोजपासून मोजत. अमुक बंदरातून नवरोजनंतर इतक्याव्या दिवशी निघावे, अशा नोंदी त्यांच्या ग्रंथांत आहेत. इबादतीचे कॅलेंडर वेगळे आणि वाऱ्याचे वेगळे, यात त्यांना काहीच विसंगती वाटली नाही.

दिशा दाखवणाऱ्या चुंबकसूचीचा पहिला स्पष्ट उल्लेख चीनमध्ये सापडतो. शेन कुओ याने १०८८ च्या सुमारास तिच्याविषयी लिहिले. हे मुद्दाम सांगतो, कारण प्रत्येक शोध आपल्या घरातच लागला असे सांगण्याची खोड आपल्यालाही आहे. अरबी ग्रंथांपैकी बैलक अल-किबजाकी याची नोंद मला विशेष आवडते. तो हिजरी ६४० मध्ये, म्हणजे १२४२-४३ च्या सुमारास, शामच्या त्रिपोलीहून अलेक्झांड्रियाला जहाजाने जात होता. अंधाऱ्या रात्री तारे दिसेनात, तेव्हा खलाशांनी पाण्याचे भांडे आणले, लाकडाच्या तुकड्यात सुई खोचून ती पाण्यावर तरंगत सोडली, वरून लोहचुंबक गोल फिरवला आणि झटकन बाजूला घेतला. सुई फिरत फिरत उत्तर-दक्षिण स्थिरावली. त्याने पुढे असेही लिहिले की, हिंदी महासागरातील कप्तान सुईऐवजी पोकळ लोखंडी मासा वापरतात. तो पाण्यावर तरंगतो. त्याचे डोके आणि शेपूट दिशा दाखवतात.

पुढे ही सूची डबीत बसली. अरबीत डबीला हुक्का म्हणतात, आणि इब्न माजिदच्या लिखाणात सूचीच्या डबीसाठी हाच शब्द येतो. आपल्या मराठीतील होकायंत्रातला 'होका' त्याच घराण्यातला. शाळेत भूगोलाच्या तासाला हा शब्द लिहिताना आपण किती दूरच्या बंदरातला शब्द लिहीत आहोत, याची मला कल्पना नव्हती. याच सूचीचा उपयोग किब्ला शोधण्यासाठीही झाला. यमनचा रसूली सुलतान अल-अश्रफ (मृत्यू १२९६) हा स्वतः खगोलाचा जाणकार होता; त्याने सूचीने किब्ला ठरवण्याची रीत लिहून ठेवली आहे. रत्नागिरीहून किब्ला नेमका पश्चिमेला नाही. पश्चिमेपासून तेरा-चौदा अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. जुन्या मशिदींच्या भिंती पाहताना हा फरक मनात ठेवावा.

आता तिसरी अडचण, म्हणजे आपण कुठे आहोत. हाच वृद्ध गृहस्थांचा खरा प्रश्न होता, आणि याचेच उत्तर मला सर्वांत सुंदर वाटले.

उत्तर ध्रुवावर उभे राहिले तर ध्रुवतारा डोक्यावर दिसेल. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकेल. मध्ये जितके अंश उत्तरेला, तितके अंश तो वर. म्हणून ध्रुवाची उंची मोजली की आपण उत्तर-दक्षिण रेषेवर कुठे आहोत ते कळते. अरब खलाशी ही उंची बोटांनी मोजत. हात लांब करून बोटे आडवी धरायची आणि क्षितिजापासून ताऱ्यापर्यंत किती बोटे मावतात ते पाहायचे. बोटाला अरबीत 'इस्बा' म्हणतात, आणि हाच त्यांचा एकक झाला. पूर्ण वर्तुळाची त्यांनी २२४ बोटे मानली. म्हणजे एक बोट सुमारे १ अंश ३६ कला. जमिनीवरच्या मापात पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. उत्तरेकडे सरळ जाताना ध्रुव एक बोट वर यायला चोवीस तास लागतात, असे ते धरत. त्या चोवीस तासांचे तीन-तीन तासांचे आठ भाग केलेले असत. अशा एका भागाला 'जाम' म्हणत. आकाशातले अंतर, समुद्रातले अंतर आणि वेळ अशी तिन्ही एका बोटात सामावलेली होती.

पण प्रत्येकाचे बोट सारखे नसते. म्हणून 'कमाल' हे साधन आले. लाकडाची एक छोटी आयताकृती फळी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी, आणि दोरीला गाठी. बस्स, एवढेच. दोरीची गाठ दातांत धरायची, फळी समोर ताणायची, खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरची कड ताऱ्याला लागते का ते पाहायचे. तारा उंच असेल तर फळी जवळ घ्यावी लागते, खाली असेल तर दूर. ज्या बंदरात पोहोचायचे त्याची गाठ आधीच बांधलेली असे. म्हणजे खलाशाला हिशेब करायचा नसे. तारा कडेला टेकेपर्यंत उत्तरेकडे वा दक्षिणेकडे जायचे, आणि मग ती उंची कायम राखत सरळ पूर्वेकडे वळायचे.

आपण घरी हे करून पाहू शकता. १० सेंटिमीटर उंचीची फळी घ्या. आज मुंबईच्या ध्रुवासाठी ती डोळ्यांपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर धरावी लागेल, रत्नागिरीच्या ध्रुवासाठी साडेतेहतीसवर आणि कालिकतच्या ध्रुवासाठी जवळजवळ ५१ सेंटिमीटरवर. कालिकतच्याही पुष्कळ दक्षिणेस गेलात तर हात पुरणार नाही. लहान फळी लागेल. म्हणूनच पुष्कळ खलाशांकडे लहान-मोठ्या फळ्यांचा संच असे.

यात एक गुंता आहे आणि तो त्यांना ठाऊक होता. आज ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूच्या अगदी जवळ आहे. पंधराव्या शतकात तो सुमारे साडेतीन अंश दूर होता आणि रात्रभरात त्या बिंदूभोवती एक लहान वर्तुळ काढीत असे. संध्याकाळी मोजलेली उंची आणि पहाटे मोजलेली उंची यांत म्हणूनच कित्येक बोटांचा फरक पडू शकतो. यावर त्यांनी नियम केला की, ध्रुव त्याच्या सर्वांत खालच्या जागी असताना मोजायचा, आणि तो खाली कधी येतो हे चंद्राच्या अठ्ठावीस नक्षत्रांपैकी कोणते कुठे आहे त्यावरून ओळखायचे. दक्षिणेकडे जाता जाता ध्रुव क्षितिजाच्या धुक्यात बुडाला की 'फर्कदैन' म्हणजे ध्रुवमत्स्यातील दोन तारे घ्यायचे, तेही गेले की सप्तर्षी. मलिंदी विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. गामाच्या जहाजावरील दैनंदिनीत नोंद आहे की, तेथून निघाल्यावर आलेल्या रविवारी त्यांना बऱ्याच काळानंतर पुन्हा ध्रुवतारा दिसला. त्या एका वाक्यात किती दिलासा असेल, हे कमाल हातात धरल्यावर कळते.

पोर्तुगीजांनी मात्र आफ्रिकेच्या खाली उतरताना सूर्याचा आधार घेतला होता. दुपारी सूर्याची उंची मोजायची आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्तापासून किती अंश कलला आहे ते कोष्टकात पाहून हिशेब करायचा. ही कोष्टके अब्राहम झकूतो या यहुदी विद्वानाची. त्याचा ग्रंथ १४९६ मध्ये पोर्तुगालमध्ये छापला गेला. स्पेनने १४९२ मध्ये यहुद्यांना हाकलले तेव्हा तो पोर्तुगालला आला होता. थोड्याच वर्षांत पोर्तुगालनेही तेच केले आणि तो ट्युनिसला, मुसलमानांच्या मुलखात, आश्रयाला गेला. ज्याच्या आकड्यांवर जहाजे चालली त्याला त्या देशात घर उरले नाही.

उंची मोजण्याचे त्यांचे साधन म्हणजे अस्तरलाब. मूळ ग्रीकांचे, बगदाद ते अंदलुस या पट्ट्यातील विद्वानांनी ते शतकानुशतके वाढवले, नमाजाच्या वेळांसाठीही वापरले. जमिनीवरचा अस्तरलाब नाजूक नक्षीचा असतो. डोलत्या जहाजावर वाऱ्यात तो स्थिर राहत नाही. म्हणून खलाशांनी त्यातली बहुतेक गुंतागुंत काढून टाकली आणि एक जाड, जड चकती तेवढी ठेवली. पुढे वारा आरपार जावा म्हणून तिला मोठी भोकेही पाडली. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना सागरी अस्तरलाब ओमानच्या अल-हल्लानिया बेटाजवळ २०१४ मध्ये समुद्रतळाशी सापडला. साडेसतरा सेंटिमीटर व्यासाची चकती. वर पोर्तुगालचे राजचिन्ह. आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पाच-पाच अंशांच्या खुणा, ज्या संगणकाच्या साहाय्याने उघड झाल्या. ते 'एस्मेराल्दा' नावाचे जहाज १५०३ मध्ये बुडाले. ते कसे बुडाले, याचीही नोंद आहे. बेटावरच्या कोळ्यांनी सांगितले होते की, उत्तरेचा जोरदार वारा येतो आहे, जहाजे बेटाच्या आडोशाला न्या. लहान जहाजे गेली. मोठ्या दोन जहाजांनी आपल्या लोखंडी नांगरांवर भरवसा ठेवला.

पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याचा उपाय मात्र कोणाकडेच नव्हता. तो अठराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन हॅरिसनच्या घड्याळाने मिळाला. तोवर किती जाम चाललो याचा अंदाज आणि समुद्राच्या खुणा, एवढ्यावरच काम भागे. खुणा म्हणजे पाण्याचा रंग, पक्ष्यांची जात, दोरीला शिसे बांधून खोली मोजताना त्याला चिकटून आलेला चिखल. हिंदुस्थानचा पश्चिम किनारा जवळ आल्याची एक खूण इब्न माजिदने आवर्जून सांगितली आहे: पाण्यात साप दिसू लागतात. आमच्याकडचे मच्छीमार जाळ्यातला समुद्रसाप झटकताना कधी विचारही करत नसतील की, पाचशे वर्षांपूर्वी कोणा मुसाफिराने त्याला पाहून अल्लाहचे आभार मानले असतील.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हे मी कुठे वाचले होते?

इब्न माजिद जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल-खैमाचा. बाप आणि आजा दोघेही 'मुअल्लिम' होते. मदरशात हा शब्द शिक्षकाला लावतात. समुद्रावर जहाजाची वाट जाणणाऱ्याला. बापाने तांबड्या समुद्रावर हजाराहून अधिक ओळींचे काव्य रचले होते. मुलाचा मोठा ग्रंथ, 'किताब अल-फवाइद', हिजरी ८९५ म्हणजे १४९० च्या सुमारास पूर्ण झाला. त्याचा आरंभ हजरत नूह (अलै.) यांच्या तारवापासून होतो. त्यात त्याने मुअल्लिमांचे तीन दर्जे सांगितले आहेत: एक, जो कधी पार पडतो, कधी नाही; दुसरा, जो आपल्या ओळखीच्या वाटेवर पक्का असतो; आणि तिसरा, ज्याला कोणतीही वाट अवघड नाही आणि जो आपले ज्ञान लिहून मागे ठेवतो. आपल्या आधीच्या तीन ग्रंथकारांना तो सिंह म्हणतो आणि स्वतःला चौथा. पण लगेच हेही सांगतो की ते संकलक होते, अनुभवी नव्हते, सीराफ ते मकरान याच्या पलीकडे ते गेलेच नव्हते. नम्रता हा त्याचा गुण नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तथापि ऐकीव आणि अनुभवलेले यांत तो किती काटेकोर फरक करतो, हे पाहा. जहाज पाण्यात लोटण्याआधी ते जमिनीवर तपासा, दोष लिहून ठेवा, क्षमतेहून अधिक माल भरू नका, झोपेपासून सावध राहा, आणि जहाजावर आपण निर्मात्याचे पाहुणे आहोत हे विसरू नका, असा त्याचा उपदेश आहे.

या माणसाने गामाला वाट दाखवली, असे सांगणारा मुख्य आधार मक्केचा इतिहासकार कुत्बुद्दीन नहरवाली. त्याने हे घटनेनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी लिहिले. मलिंदीला तो स्वतः नव्हता. कोणाकडून ऐकले, हे त्याने सांगितलेले नाही. विसाव्या शतकात फेराँ या फ्रेंच विद्वानाने हे विधान उचलले आणि तेथून ते जगभरच्या पुस्तकांत गेले. उलट पोर्तुगीज इतिहासकार बारूश आणि कास्तान्येदा दोघेही वाटाड्या गुजराती होता असे लिहितात. बारूश त्याला 'मालेमो काना' म्हणतो. मालेमो म्हणजे मुअल्लिम. त्याने गामाला किनाऱ्याचा नकाशा दाखवला, आणि गामाने अस्तरलाब काढून दाखवला तेव्हा त्याला आश्चर्य वाटले नाही. आम्ही तीन फळ्यांच्या साधनाने मोजतो, असे तो म्हणाला. ओमानच्या किनाऱ्यावरील अरबाला कोणी गुजराती म्हणणार नाही. जहाजावरील दैनंदिनी तर वाटाड्याला ख्रिस्ती म्हणते. पण त्याच लोकांनी कालिकतचे देऊळ चर्च समजून तेथे प्रार्थना केली, म्हणून त्या शब्दावर फार भर देता येत नाही.

मदरशात आम्हाला हदीसचे शास्त्र शिकवतात. कोणी, कोणाकडून, कधी ऐकले. कडी कुठे तुटली. सांगणारा त्या वेळी तेथे होता का. ही तपासणी करताना आम्ही एक एक रावी घेऊन रात्री जागवल्या आहेत. आणि मी मिंबरवर चढून कडी नसलेली बातमी सांगून मोकळा झालो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. नहरवालीची हकीकत पूर्ण वाचली तर तिच्यात असे आहे की, फिरंग्यांच्या सरदाराने इब्न माजिदशी मैत्री जोडली, त्याला दारू पाजली आणि नशेत त्याने मार्ग सांगून टाकला. माझ्या बयानात दारू नव्हती. ती मला नको होती म्हणून मी वगळली. जो भाग अभिमानाला सोयीचा तेवढा घेतला. वाचकहो, एकाच तोंडच्या एकाच हकीकतीतला अर्धा भाग खरा आणि अर्धा खोटा, हे मी कोणत्या आधारावर ठरवले? ती हकीकत खरी मानायची तर एका ज्ञानी माणसावर नशेचा आणि विश्वासघाताचा डाग मानावा लागतो. आणि पुराव्याशिवाय कोणावर असा डाग लावणे काय आहे, हे मला सांगायची गरज नाही. खोटी मानायची तर माझा अभिमानही खोटा ठरतो. मधली वाट नाही.

पुढच्या जुम्याला मी हे सारे बयानात सांगितले. काही श्रोते नाराज झाले. एकाने बाहेर मला विचारलेही की, शत्रूने लिहिलेले खरे आणि आपल्या माणसाने लिहिलेले खोटे, असे कसे? मी त्यांना म्हणालो की, कोणी लिहिले यापेक्षा कसे कळले हे आधी विचारू या. त्यांचे समाधान झाले असे मला वाटत नाही.

ते वृद्ध गृहस्थ मात्र काही दिवसांनी एक लाकडी फळी आणि काथ्याची दोरी घेऊन मशिदीत आले. फळी त्यांनी स्वतः तासली होती, बरोबर १० सेंटिमीटर. "चाचा, गाठ कुठे मारायची ते मी सांगतो," मी म्हणालो. ते हसून म्हणाले, "तुम्ही सांगू नका. आपण मोजू."

पावसाळा संपल्यावर एका पहाटे त्यांच्या भाच्याच्या होडीतून आम्ही खाडीबाहेर गेलो, उत्तरेचे क्षितिज उघडे दिसेल इतके दूर. ही वेळ त्यांनीच सुचवली होती. मध्यरात्री तारे दिसतात पण क्षितिज दिसत नाही, दिवसा क्षितिज दिसते पण तारे नाहीत. सुबह सादिकनंतर थोडा वेळ दोन्ही एकत्र दिसतात. फजर आम्ही होडीतच पढलो. रोज जी वेळ मी अजानसाठी पाहतो, तीच वेळ कमाल धरणाऱ्याची होती, हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते.

मी दोरी दातांत धरली. होडी डोलत होती; खालची कड क्षितिजाला टेकली की वरची ताऱ्यावरून घसरत होती. तीन वेळा मी वेगवेगळ्या जागी चिमूट धरली. मग चाचांनी फळी माझ्या हातातून घेतली, लाट वर येईपर्यंत थांबले, आणि लाटेच्या माथ्यावर होडी क्षणभर स्थिरावली तेव्हा पाहिले. दोन वेळा त्यांची चिमूट एकाच जागी पडली. किनाऱ्यावर आल्यावर आम्ही टेपने मोजले. चौतीस सेंटिमीटर भरले. हिशेबाप्रमाणे साडेतेहतीस हवे होते. अर्ध्या सेंटिमीटरचा तो फरक समुद्रावर पंचवीस-तीस किलोमीटर होतो. चाचांनी त्या जागी गाठ मारली आणि फळी मला दिली.